काट्याची साक्ष

२०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही पुण्याहून पाचगणीला निघालो होतो. आम्ही म्हणजे मी, सौभाग्यवती, मागच्या सीटवर आई आणि आईच्या शेजारी हापूसची पेटी. गाडी वडिलांच्या वेळची. त्यांनी ती १९८४ साली सेकंडहँड घेतली. ते गेले, गाडी राहिली. दर पाच वर्षांनी आर. टी. ओ.त खेटे घालून मी तिचे आयुष्य वाढवून आणतो. बनावट कोणती ते सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष तिचा नव्हता, माझा होता.

वाई मागे पडली आणि पसरणीचा घाट सुरू झाला. घाट तसा दहा-बारा किलोमीटरांचा. पण मे महिन्यातला शनिवार म्हटल्यावर वाहनांची रांग लागलेली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत, थांबत, पुन्हा सरकत चाललो होतो. खाली धोमचे पाणी चमकत होते. आई म्हणाली, "गाडी तापेल हो. तुझे वडील इथे थांबून पाणी घालायचे." मी ऐटीत टेंपरेचरच्या काट्याकडे बोट दाखवले. काटा मध्याच्या थोडा खालीच होता. "आता तसलं काही नाही, आई. सगळं दुरुस्त करून घेतलंय."

दोन वळणे गेली असतील नसतील, तोच ही म्हणाली, "अहो, कसला तरी गोडसर वास येतोय."

"आंब्याचा असेल."

"आंब्याचा वास कळतो मला."

मी पुन्हा काट्याकडे पाहिले. तो आणखी खाली चालला होता. इतका खाली, की सकाळी पुण्यात गाडी सुरू केली तेव्हा होता तिथे जवळजवळ पोहोचला होता. मी आनंदून म्हणालो, "बघ, इंजिन गार पडतंय! माथ्याची हवा लागली." आणि पुढच्या चढावर इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला, ताकद गेली, आणि गाडी एका बाजूला उभी राहिली ती राहिलीच.

बॉनेट उघडले. वाफेचा लोट यावा अशी माझी अपेक्षा. पण वाफ होण्याइतकेसुद्धा पाणी आत शिल्लक नव्हते. वॉटर पंपाजवळचा होज पाइप फाटून सगळे कूलंट घाटभर सांडत आले होते. ज्याचा वास हिला आला तो त्याचाच. कूलंटमधल्या ग्लायकोलला असा गोडसर वास असतो. इंजिन कोरडे ठणठणीत आणि भट्टीसारखे तापलेले, आणि काटा सांगत होता की सारे कसे शांत, शांत! आईला आणि आंब्यांना मागून आलेल्या एस. टी.त बसवून दिले. गाडी दोरीला बांधून वाईत उतरवली. हेड गॅस्केट गेले होते आणि हेडही वाकले होते. ते घासून सरळ करणे, गॅस्केट, होज, मजुरी असा हिशेब महिन्याच्या पगाराच्या पुढे गेला.

आता आधीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण या काट्यावर माझा इतका विश्वास एका दिवसात बसलेला नव्हता. त्यासाठी मी दोन वर्षे पैसे मोजले होते.

२०१५ च्या उन्हाळ्यात हा काटा उलट बाजूने त्रास देऊ लागला. गाडी जरा चालली की तो वर चढून तांबड्या रेघेशी जाई. मी घाबरून थांबे. बॉनेट उघडावे तर ना वाफ, ना वास, ना रेडिएटरमध्ये खळखळ. पहिल्या मिस्त्रींनी रेडिएटर काढून आतून साफ करून दिला. काटा जिथल्या तिथे. दुसऱ्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅटच काढून हातात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या हवेत हे लागतच नाही, साहेब." हा सल्ला आपल्याकडे इतक्या गॅरेजांतून इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की मीही मान डोलावली. तिसऱ्यांनी इंजिनावरचा तापमानाचा सेंडर बदलला. आणि काय आश्चर्य! काटा मध्याच्या खाली येऊन बसला. मी त्यांना चहा पाजला. गाडी बरी झाली असे मी घरात जाहीर केले.

या दोन वर्षांत ही एकच गोष्ट अधूनमधून म्हणत असे: "रात्री दिवे लावले की काटा वर जातो." यावर मी हसून म्हणे, "रात्री इंजिनाला ताप चढतो होय? घाम येईल सकाळी." तिन्ही मिस्त्रींपैकी एकालाही मी ही गोष्ट सांगितली नाही. बायकांचे काहीतरीच, असे मला वाटले होते हे कबूल केलेले बरे.

घाटातल्या प्रकारानंतर आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ भेटायला आले. त्यांचे सारे आयुष्य एस. टी.च्या कारखान्यात फिटर म्हणून गेले. मुले त्यांना फिटरकाका म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. मी त्यांना रेडिएटरपासून सेंडरपर्यंत सगळी बिले दाखवली. त्यांनी ती चष्मा न लावताच बाजूला ठेवली.

"काय काय बदललं ते राहू द्या. काय काय दिसलं ते सांगा. काटा चढायचा तो कधी?"

मी विचार करू लागलो. तेवढ्यात चहा घेऊन येता येता हिने दारातूनच सांगितले, "रात्री. दिवे लावले की."

फिटरकाकांनी कप घेतला आणि तसाच खाली ठेवला. "हळूहळू चढायचा, वहिनी, का एकदम?"

"एकदम. बटण दाबलं की टुणकन."

"मग पैसे फुकट गेले तुमचे," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "इंजिनाला काय ठाऊक, तुम्ही दिवे लावलेत ते? एवढं लोखंड आणि एवढं पाणी एका सेकंदात तापतं का?"

दोन वर्षांत मला न सुचलेला विचार हा असा एका वाक्याचा होता. उष्णता सावकाश चालते. पातेल्यातले पाणी तापायला वेळ लागतो, निवायलाही लागतो. इंजिनाचे पाणी खरोखरच तापू लागले, तर काटा दमादमाने चढेल. जो काटा टुणकन उडी मारतो, तो उष्णतेची बातमी देत नसतो, विजेची देत असतो. काटा खोटा असल्याचा संशय आला की पहिला प्रश्न विचारावा तो हाच: तो कशाच्या जोडीने हलतो? दिव्यांच्या, वायपरच्या, हॉर्नच्या, की चढाच्या आणि उन्हाच्या?

काट्याला तापमान मुळात कसे कळते, हे इथे थोडक्यात सांगतो. मोटारी नव्या होत्या तेव्हा डॅशबोर्डावर असा काटाच नसे. १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचा थर्मामीटर निघाला. तो थेट रेडिएटरच्या झाकणावर, बॉनेटच्या टोकाशी उभा असे आणि चालकाने समोरच्या काचेतून त्याच्याकडे पाहत गाडी हाकायची. पुढे काटा आत आला तो एका बारीक तांब्याच्या नळीने. नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला एक फुगा, त्यात इथरसारखा चटकन वाफ होणारा द्रव. पाणी तापले की आतली वाफ दाब वाढवी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाची वाकवलेली चपटी नळी सरळ होऊ पाही. जत्रेत फुंकर मारली की उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना, तीच युक्ती. फ्रान्समधल्या युजेन बूरदाँ यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले, ते वाफेच्या दाबमापकासाठी. या काट्याला वीज लागत नाही, त्यामुळे विजेच्या भानगडीही त्याला नाहीत. मात्र ती बारीक नळी कुठे दुमडली किंवा चिरली की काटा कायमचा झोपला. जुन्या गाडीत बॅटरी काढून ठेवली तरी काटा तापमान दाखवत असेल, तर तो या जातीचा समजावा.

आमचा काटा विजेचा. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक पितळी बोंड आट्यांनी बसवलेले असते, तो सेंडर. त्याच्या पोटात असा एक पदार्थ असतो, की जो तापला की विजेला कमी विरोध करतो. धातूंचे याच्या उलट असते. ते तापले की विरोध वाढतो. काही पदार्थ असे उलटे वागतात हे मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करताना दिसले होते. इंजिन थंड असताना सेंडर वीज अडवतो, काटा खाली राहतो. इंजिन तापले की तो वाट मोकळी करतो, काटा चढतो. इतकेच. काट्याला पाणी दिसत नाही, इंजिन दिसत नाही. एका तारेतून किती वीज वाहते आहे एवढेच त्याला कळते, आणि ती वीज कमीजास्त व्हायला तापमानाखेरीज दहा कारणे असू शकतात.

त्यातले आमचे कारण कोणते, ते त्याच रात्री कळले. गाडी नुकतीच दुरुस्त होऊन आली होती. फिटरकाका बॅटरी घेऊन आले, टॉर्च नव्हे, खरी बॅटरी हो, वर जंप-स्टार्टची जाड वायर. इंजिन सुरू ठेवून हिला त्यांनी चालकाच्या जागी बसवले. दिवे लावले, काटा उडाला. मग त्यांनी जाड वायरीचे एक टोक इंजिनाच्या लोखंडाला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. "आता लावा दिवे, वहिनी." दिवे लागले. काटा हलला नाही.

दोष होता तो अर्थच्या पट्टीत. इंजिन रबरी पायांवर बसलेले असते, म्हणून ते गाडीच्या सांगाड्याला तांब्याच्या विणलेल्या एका पट्टीने जोडतात. दिव्यांना गेलेली वीज सांगाड्यातून, या पट्टीतून इंजिनावरच्या जनित्राकडे परत येते. आमची पट्टी हिरवीकाळी पडून कुजली होती. चार धागे शिल्लक. परतीची वाट अरुंद झाल्यामुळे दिवे लागले की सांगाडा आणि इंजिन यांच्या विजेच्या पातळीत फरक पडे, आणि इंजिनाला टेकलेल्या सेंडरमधून जास्त वीज ओढली जाई. काट्याला वाटे, पाणी तापले! उन्हाळ्यातल्या दिवसाउजेडीही थोडाफार फरक पडतच असे, कारण पंखा, वायपर यांची वीजही त्याच वाटेने परतते. नवी पट्टी आली ती दोघांच्या जेवणाच्या थाळ्यांपेक्षा स्वस्तात.

मग प्रश्न उरला: पट्टी दोन वर्षे कुजकीच होती, तर तिसऱ्या मिस्त्रींनी सेंडर बदलल्यावर काटा खाली का आला? फिटरकाकांनी सेंडर उघडून काढला आणि मला त्याच्या आट्या दाखवल्या. पाणी झिरपू नये म्हणून त्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप चांगली चार वेढे गुंडाळलेली होती. या सेंडरला तार एकच. दुसरी तार म्हणजे इंजिनाचे लोखंडच. वीज आट्यांतून लोखंडात उतरते. तिथेच टेप गुंडाळली, म्हणजे विजेच्या वाटेवर अडसर घातला. वीज कमी, काटा खाली. कुजकी पट्टी काट्याला वर ढकलत होती, टेप खाली ओढत होती, आणि दोन खोट्या साक्षीदारांनी मिळून मला मध्याच्या थोडा खाली असा मोठा साळसूद आकडा सांगितला होता. त्यावर खूश होऊन मी चहा पाजला!

पण घाटातला प्रकार यापेक्षाही वेगळा, आणि प्रत्येक गाडीवाल्याच्या घरात तो ठाऊक असावा असे मला वाटते. तिथे टेप नसती, पट्टी नवी कोरी असती, तरीही काटा खालीच आला असता. सेंडर पाण्यात बुडालेला असतो तोवर तो पाण्याचे तापमान सांगतो. पाणी निघून गेले की तो हवेत लोंबकळतो. भोवतालचे लोखंड कितीही तापले, तरी हवा आणि विरळ वाफ ती उष्णता पाण्यासारखी त्याच्यापर्यंत पोहोचवू शकत नाहीत, आणि काटा थंडीकडे झुकतो. म्हणून चढावर, जोर लागलेला असताना, काटा विनाकारण घसरू लागला तर ती आनंदाची नव्हे, गाडी तत्काळ उभी करण्याची वेळ. ज्यांच्या गाडीत हीटर आहे त्यांना आणखी एक खूण मिळते: तापलेल्या इंजिनावर हीटरची गरम हवा अचानक गार येऊ लागली, तर पाणी गेलेले असण्याचा दाट संभव आहे. थांबल्यावर मात्र रेडिएटरचे झाकण उघडायला धावू नये. झाकण दाबाचे असते. आत पाणी उरलेले असेल, तर ते शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे उकळायचे थांबलेले असते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन ते तोंडावर येते. गाडी चांगली निवेपर्यंत डबा उघडून पुऱ्या खाव्यात.

आता काट्याची परीक्षा घरी कशी घ्यायची ते सांगतो. फिटरकाकांनी ती आमच्या पार्किंगमध्ये घेतली आणि तिला यंत्रसामग्री लागली ती बहुतेक स्वयंपाकघरातली.

पहिली परीक्षा मिनिटभराची. किल्ली फिरवून ठेवायची, इंजिन बंदच. सेंडरवरची तार काढली की काटा अगदी तळाशी गेला पाहिजे. तीच तार इंजिनाच्या लोखंडाला क्षणभर टेकवली की काटा वर धावला पाहिजे. क्षणभरच, धरून ठेवली तर काही काटे जळतात. दोन्ही झाले तर काटा आणि तार ठीक, संशय सेंडरवर किंवा त्याच्या आट्यांवर. तार काढूनही काटा वरच राहिला, तर ती वाटेत कुठेतरी सोलवटून लोखंडाला टेकली आहे. आणि हो, पेट्रोलचा काटाही त्याच वेळी चुकीचे दाखवतो का, हे जरूर पाहावे. १९६० नंतरच्या बऱ्याच ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत या दोन्ही काट्यांना एका लहानशा डबीतून वीज मिळते. आत दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते, वीज तोडते, निवते, पुन्हा जोडते, आणि संथ काट्यांना सरासरीने दहा व्होल्ट मिळत राहतात. या डबीचा अर्थ सैल झाला, की टाकीही भरलेली दिसते आणि इंजिनही तापलेले दिसते. टाकी अशी आपोआप भरू लागली तर कोणाला आवडणार नाही? पण दोन्ही काटे एकदम चढले तर दोष त्या दोघांत नसून त्यांना पोसणाऱ्या डबीत आहे, हे ओळखावे.

दुसरी परीक्षा सेंडरची. यासाठी ही एक जुने पातेले देईना. इंजिनातून काढलेली वस्तू तिच्या भांड्यात जाणार नाही असे तिने बजावले, आणि ते योग्यच होते. कूलंट विषारी असते. शेवटी रंगाचा रिकामा डबा मिळाला. त्यात थर्मासमधले उकळते पाणी, मुलाच्या कॉलेजातल्या दिवसांचा काचेचा ११० अंशांचा थर्मामीटर आणि सेंडर. सेंडरच्या डोक्याला त्याचीच तार वाढवून जोडली, आणि त्याच्या पितळी अंगाला दुसरी तार गुंडाळून ती इंजिनाच्या लोखंडाला. म्हणजे सेंडर डब्यात, काटा गाडीत. थर्मामीटर ९५ दाखवी तेव्हा काटा कुठे, ९० ला कुठे, ८० ला कुठे, हे पाणी निवत जाईल तसतसे मी डब्याजवळून ओरडून सांगायचे आणि हिने आत बसून पाहायचे. ही थोडी हुशारच. तिने पर्समधली टिकल्यांची पाकिटे काढली आणि ९० अंशांना काटा जिथे होता तिथे काचेवर एक बारीक तांबडी टिकली लावून टाकली. तापमापक तपासून घेतल्याचा इतका सुबक शिक्का मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मल्टिमीटर असेल तर गाडीही लागत नाही. सेंडरच्या टोकाला आणि अंगाला त्याच्या दोन सुया लावून पाणी तापवत न्यावे. आकडा सतत उतरत गेला पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत तो काहीशे ओहमपासून काही दहांपर्यंत येतो, पण प्रत्येक बनावटीची पायरी निराळी. इथेच स्पेअर पार्टच्या दुकानातली एक मेख आहे. आट्या जुळतात, डोके तेच, रंग तोच, म्हणून दुकानदार दुसऱ्याच गाडीचा सेंडर देतो. तो बसतो सुरेख, पण त्याचा चढउतार आपल्या काट्याच्या भाषेत नसतो, आणि जन्मभर चुकीचे बोलतो.

आणखी एक. पाणी शंभराला उकळते हे शाळेत शिकलेले मोजमाप पुण्यात जसेच्या तसे धरू नये. समुद्रसपाटीपासून इतक्या उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपास उकळते, पाचगणीला ९६ च्याही आत. परीक्षा घेताना थर्मामीटरलाच खोटा ठरवून बसाल. २०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघरी आलेली ती कपाळावर धरायची पिस्तुले मात्र इथे निरुपयोगी. ती माणसाच्या तापापलीकडे मोजतच नाहीत. कारखान्यात वापरतात ते इन्फ्रारेड पिस्तूल चालते. पण चकचकीत धातूवर रोखले तर तेही फसते आणि तापमान कमी सांगते. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखावे.

थर्मोस्टॅटवरून आठवले. फिटरकाकांनी तो हट्टाने परत बसवायला लावला. बसवण्याआधी तोही गरम पाण्यात सोडून पाहिला. ८२ वर उघडायला लागला, तसा शिक्काच होता त्यावर. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाट रस्त्यावर नको तितके थंड चालते, पेट्रोल जास्त पिते, तेलात गाळ धरते, आणि झिजते. "तापाला भिऊन पोराला कायम गार पाण्यात बसवाल का?" असे त्यांनी विचारले. मी उत्तर दिले नाही, कारण बसवलेच होते.

आता ज्यांच्या घरी नव्या गाड्या आहेत ते म्हणतील, ही सारी जुन्या डब्यांची रडगाणी. तसे नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत काटा संगणकाच्या हुकमाने चालतो आणि तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, काटा बारा वाजून शून्य मिनिटे. खरा काटा घाटात थोडा चढतो, उतारावर थोडा उतरतो. ते पाहून गिऱ्हाइके घाबरतात आणि तक्रारी घेऊन येतात, म्हणून कारखान्यांनी त्याला ही गप्प बसण्याची सवय लावली. तो मध्यावरून हलेल तेव्हा बराच उशीर झालेला असतो. कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नाही: इंजिन थंड असता निळा दिवा, फार तापले की तांबडा, मधल्या सगळ्या संसारात काळोख. अशा गाड्यांच्या स्टिअरिंगखाली एक खाच असते. तिच्यात बसणारे लहानसे यंत्र मिळते आणि ते खरे तापमान अंशांमध्ये मोबाइलवर दाखवते. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या कुटुंबाने ते जवळ बाळगावे असे मी म्हणेन. तेही शेवटी एका सेंडरचेच ऐकून बोलते. पाणी गेले तर तेही फसू शकते. नाक मात्र फसत नाही, हे आमच्या घरात आता वादातीत आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही पुन्हा पाचगणीला निघालो. आई मागे होती. आंबे नव्हते, पेरू होते. वाई मागे टाकून घाटाला लागलो. भर दुपारचे ऊन. काटा टिकलीशी टेकला होता. तिसऱ्या वळणावर काही न बोलता हिने हात लांब करून पुढचे दिवे लावले आणि काट्यावर नजर लावून बसली. समोरून उतरणाऱ्या एस. टी.च्या ड्रायव्हरने पंजाची उघडझाप करून दिवे चालू असल्याची खूण केली. हिने त्याला हात केला आणि दिवे बंद केले. काटा टिकलीशीच होता.